मेट्रो प्रणाली : एक परिचय

आमच्या घरात एक नियम आहे. घरची पोरगी एकटी गाडीत चढत नाही. इकडून कोणीतरी तिला बसवून देतं आणि तिकडे कोणीतरी उतरवून घेतं.

नियम मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. रेल्वेत गार्ड होते, दुर्गहून रिटायर झाले, पण घरात अजून ड्यूटीवरच आहेत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "कावून?" म्हणजे, का? तर म्हणाले, "कावून म्हणून विचारायचं नाई." झालं! एक नियम आणि एक पोटनियम.

आता अशा घरातली पोरगी नागपूरला मेट्रो चालवायला जाते म्हणाली तर काय होईल? किस्से होतील, दुसरं काय! भिलाईत गच्चीवर पांढरी ओढणी वाळत घातली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर स्टील प्लांटची लाल धूळ बसते. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. किस्सेही असेच साचतात. आपण फक्त ओढणी झटकायची.

तर झटकते.

*

मेट्रोची लेखी परीक्षा नागपूरला होती. माझ्या हातात इलेक्ट्रिकलची डिग्री, मतदानाचं वय कधीच उलटून गेलेलं, आणि दुर्ग स्टेशनवर मला बसवून द्यायला कोण कोण? आई, बाबा, मोठेबाबा, मोठीआई आणि शेजारचे वानखडे काका. काका प्लांटच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेत, पण आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांची सही अजून लागते.

बसवून देणं म्हणजे नुसता टाटा करणं नव्हे. एकानं आधी चढून सीटवर रुमाल टाकायचा. दुसऱ्यानं बॅग सीटखाली साखळीनं बांधायची. तिसऱ्यानं पाण्याची बाटली भरून आणायची, भरलेली असली तरी. आणि सर्वांत शेवटी, समोरच्या सीटवरची एक सज्जन बाई निवडून पोरगी तिच्या हवाली करायची.

मोठेबाबांनी बाई निवडली. "ताई, आमची पोरगी हाय. नागपूरपर्यंत जरा ध्यान ठेवजा."

"मी तर राजनांदगावलेच उतरून राहिली, भाऊ."

"मंग राजनांदगावपर्यंत ठेवा!"

बाई जबाबदार निघाल्या. राजनांदगाव येताच त्यांनी मला शेजारच्या मावशींच्या ताब्यात दिलं. "चिंता झन कर, नोनी ल मैं देखहूँ," मावशी छत्तीसगढीत म्हणाल्या, आणि डोंगरगडला उतरताना या नोनीला, म्हणजे मला, एका मास्तरांकडे सोपवून गेल्या. मास्तर गोंदियाला उतरले. त्यांनी मला वरच्या बर्थवरच्या आजोबांकडे चढवलं, कागदोपत्री. अहो, पार्सलवरसुद्धा इतके शिक्के बसत नाहीत!

नागपूर आलं तेव्हा आजोबा घोरत होते. मीच त्यांना उठवलं, त्यांची पिशवी घेतली आणि हात धरून फलाटावर उतरवलं. मला उतरवून घ्यायला आत्या आली होती. तिनं आजोबांना पाहिलं आणि सरळ त्यांच्या पाया पडली.

"बरं झालं बाप्पा, तुमी होते! नाई तं एकटी पोरगी कशी आली असती?"

*

परीक्षा झाली. निकाल लागायचा होता, तेवढ्यात नागपूरला आत्याच्या मुलाचं लग्न निघालं आणि आमचं सगळं घर, वानखडे काकांसकट, तिथं जमलं. मला एका दुपारी मैत्रिणीकडे जायचं होतं. म्हटलं, मेट्रोनं जाते. मोठेबाबा लगेच उठून चपला शोधू लागले.

"तुम्ही कुठं?"

"तुले बसवून देतो ना."

मी सांगून पाहिलं. मेट्रोत बसवून देत नाहीत, मोठेबाबा. पण एक निघाला की आमच्याकडे पाच निघतात. स्टेशनवर मोठेबाबा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "पाच प्लॅटफॉर्म तिकिटं द्या." ती म्हणाली, "सर, मेट्रोमध्ये प्लॅटफॉर्म तिकीट नसतं. पुढच्या स्टेशनचं घ्या." मोठेबाबांना हे फार लागलं. गाडीत न बसता तिकीट काढायचं? त्यांनी खिशातून रिटायर्ड गार्डचं ओळखपत्र काढलं आणि गेटला दाखवलं. गेटला! गेट मशीनचं होतं. ते हललं नाही.

"काय उद्धट हाय," मोठेबाबा म्हणाले.

शेवटी तिकिटं काढून सगळे वर आले. गाडी आली, दरवाजे उघडले, आणि पाचही जण मला बसवून द्यायला आत शिरले. वानखडे काकांनी रुमाल टाकला. आईनं बाटली दिली. मोठेबाबा सज्जन बाई शोधू लागले. तेवढ्यात टूंऽऽ टूंऽऽ आवाज आला आणि दरवाजे बंद! गाडी सुटली.

"अरे थांबवा! चेन कुठी हाय?"

"चेन नसते, मोठेबाबा."

"गार्डाले सांगा!"

"गार्डही नसतो."

मोठेबाबा दांडी धरून थिजले. ज्या माणसानं आयुष्यभर हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय एकही गाडी हलू दिली नाही, त्या माणसाच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच भीती दिसली. "गार्ड नाई," ते हळूच म्हणाले, "मंग गाडी सुटली कोणाले विचारून?"

पुढच्या स्टेशनवर पाचही जण घाईनं उतरले. मी खिडकीतून ओरडले, "तिथंच थांबा! समोरच्या फलाटावरून उलटी गाडी पकडा!" दरवाजे बंद झाले होते. माझं तोंड तेवढं हलताना दिसलं असणार. बाबांनी हात हलवून टाटा केला.

मैत्रिणीकडे पोचले तोच आत्याचा फोन. पाचही जण त्याच फलाटावर बाकावर बसून आहेत, आणि मोठेबाबा कोणालाच हलू देत नाहीत. का? तर म्हणाले, "आपल्याले उतरवून घ्यायले कोणीतरी येईन."

मीच गेले. उतरवून घ्यायला.

*

वानखडे काकांना मात्र मेट्रो आवडली. लग्न आटोपल्यावर काका आणि मी रेल्वे स्टेशनपर्यंत मेट्रोनंच जाऊ असं ठरलं. काकांनी विचारलं, "कितीची गाडी आहे आपली?"

"काका, मेट्रोला अशी वेळ नसते. एक गेली की थोड्या वेळानं दुसरी येते."

"हो, पण आपली कोणती?"

"कोणतीही."

काकांना हे पटेना. मी सामान आणायला मागे राहिले, काका पुढे गेले. मी फलाटावर पोचले तर काका गुडघ्यांवर डबा ठेवून शांतपणे बसलेले. समोर एक गाडी उभी, दरवाजे उघडे, आत जागाच जागा. काका जागचे हलत नाहीत. गाडी गेली. दुसरी आली. तीही गेली.

"काका, चढले का नाही?"

"अवं, या तर वेळेवर येऊन राहिल्या," काका म्हणाले. "आपली लेट असन."

गाडीत बसल्यावर मी त्यांना समजावलं. मेट्रोचा रूळ फक्त मेट्रोचा असतो. मध्ये फाटक नाही, मालगाडी नाही, एक्स्प्रेसला वाट द्यायला बाजूला उभं राहणं नाही. म्हणून ती एकामागून एक धावू शकते आणि उशीर होण्याचं कारणच फारसं उरत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळं खरं आहे, प्रणाली," म्हणाले. "पण गाडी लेटच होत नसन तर माणसं फलाटावर एकमेकांशी बोलतीन कावून?"



*

भिलाईला परतल्यावर एक वेगळंच सुरू झालं. आमच्याकडे अधूनमधून आवई उठते की रायपूरपासून दुर्गपर्यंत मेट्रो येणार. कोण उठवतं देव जाणे. पण या खेपेला आमची मंडळी स्वतः मेट्रोत बसून आलेली होती. म्हणजे आता ते तज्ज्ञ! आमच्या हुडको कॉलनीत वानखडे काकांच्या ओसरीवर बैठक भरली आणि स्टेशनं कुठे कुठे हवीत ते ठरू लागलं.

मोठेबाबा म्हणाले, पहिलं स्टेशन कॅम्प-१ मध्ये, कारण ते तिथं राहतात. काका म्हणाले, हुडकोत, बरोब्बर त्यांच्या फाटकासमोर. बाबा म्हणाले, रसमड्यापर्यंत न्या, तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांची सोय होईल. बाबांचं कोणी ऐकलं नाही, कारण रसमड्यात बैठकीतलं कोणीच राहत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, मेट्रो शहरात बहुतेक ठिकाणी खांबांवरून जाते. फाटकासमोर स्टेशन म्हणजे फाटकासमोर खांब. काका, तुमचं आंब्याचं झाड जाईल."

काका ताडकन उठले. "झाडाले हात नाही लावू देणार!"

"मंग स्टेशन आमच्याकडे," मोठेबाबा म्हणाले.

"स्टेशन इथंच! खांब तुमच्याकडे घ्या!"

बस. नसलेल्या मेट्रोच्या नसलेल्या स्टेशनावरून दोघांचं बोलणं बंद. मोठेबाबा आमच्याकडे यायचे ते काकांच्या घराकडे पाठ करून. काका आमच्याकडे पेपर मागायला यायचे बंद झाले आणि त्यांना जगात काय चाललंय तेच कळेना. दोन्हीकडचे लोक मला विचारत, "तू तं शिकलेली हायेस, सांग कोणाचं बरोबर?" मी म्हणायची, "दोघंही म्हातारे झालात." त्यामुळे दोघांनीही माझ्याशी बोलणं बंद केलं. फार शांत आठवडा गेला तो!

शेवटी वानखडे काकूंनी तह केला. मोठेबाबांना ओसरीवर बोलावलं, हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, स्टेशन तुमच्याकडेच राहू द्या. फक्त गाडी आमच्याकडे थांबू द्या."

दोघांनाही मान्य झालं. अजूनही तेच ठरलेलं आहे.

*

मग माझा निकाल लागला. मुलाखत झाली, मेडिकल झालं, निवड झाली. ट्रेन ऑपरेटर! मी घरात नाचले. आईनं साखर दिली. मग मोठेबाबा आले आणि घरात स्टेशन मास्तर आल्यासारखी शांतता पसरली.

"ऑपरेटर म्हणजे?"

"गाडी चालवणारी."

"ड्रायव्हर?"

"हो."

"एकटी?"

"कॅबमध्ये एकटीच असते, मोठेबाबा."

मोठेबाबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी फरशीकडे पाहिलं. माझे बाबा प्लांटमध्ये लोको, म्हणजे रुळावरचं इंजिन, चालवतात. वितळलेल्या लोखंडाचे भलेमोठे लाडल, म्हणजे कढयाच, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेतात. जिच्या जवळ उभं राहिलं तरी भुवया जळतील अशी गाडी बाबा रोज ओढतात, पण मोठ्या भावासमोर त्यांना तोंड उघडता येत नाही. "दादा म्हणतीन तसं," एवढंच म्हणाले. मला इतका राग आला की मी साखरेची वाटी परत ओट्यावर आपटली.

आमच्या घरात कोणी 'नाही' म्हणत नाही. "रविवारी पाहू" म्हणतात. मोठेबाबाही तेच म्हणाले. आणि माझा अडचणीचा मुद्दा असा होता की त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मला नागपूरला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. गेले नाही तर जागा दुसऱ्याला. पळून जाता आलं असतं. पण मला पळून जायचं नव्हतं. मला दरवाजातून, चपला घालून, सगळ्यांदेखत जायचं होतं.

मोठेबाबा गेल्यावर बाबा हळूच माझ्या खोलीत आले. वडील म्हणून नव्हे, लोकोवाले म्हणून. "ब्रेक कसा हाय वं तिचा?"

मी सांगितलं. मेट्रो पटकन वेग घेते, पटकन थांबते, कारण स्टेशनं जवळजवळ असतात. बाबांचे डोळे विस्फारले. "इतक्या जोरात थांबवली तं माझं मेटल सांडून जाईन!"

"माझ्या गाडीत मेटल नाही, बाबा. माणसं आहेत."

"माणसं सांडत नाहीत का?"

"दांडी धरतात."

मग मी पुढचं सांगितलं. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं हे सिग्नलची यंत्रणाच सांभाळते. वेग जास्त झाला तर गाडी स्वतः ब्रेक लावते. आणि चालवणाऱ्याचा हात हँडलवरून सुटला, समजा झोप लागली किंवा चक्कर आली, तर गाडी आपोआप थांबते.

"सारं गाडीच करते," बाबा म्हणाले, "तं मंग चालवणारा काय करते?"

"दरवाजे उघडायचे, दरवाजे बंद करायचे, कोण चढलं कोण उतरलं ते पाहायचं, आणि सगळ्यावर लक्ष ठेवायचं. आणि हँडलवरचा हात सोडायचा नाही."

दारात आई कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. "आणि पगार देतेत त्याचा?" ती म्हणाली. "मी तं फुकट करून राहिली इतके वर्षं!"

*

माझ्या डोक्यात एक कल्पना आली. हे लोक घाबरतात, कारण यांना मेट्रो म्हणजे काय हेच धड माहीत नाही. मग समजावून सांगू ना! आमच्या मराठी मंडळाचा दर रविवारी कार्यक्रम असतो. म्हटलं, या रविवारी मी भाषण देते. मोठेबाबा मंडळाचे ज्येष्ठ, तेही येतील. सगळ्यांसमोर नीट ऐकतील आणि मग सगळ्यांसमोरच हो म्हणतील. किती भाबडी होते मी!

हॉलबाहेरचा फळा लिहायचं काम वानखडे काकांकडे असतं. त्यांचं अक्षर सुंदर आहे. त्यांनी लिहिलं :

मेट्रो प्रणाली
एक परिचय
अल्पोपहाराची सोय आहे

यात चूक काय? काही नाही. फक्त आमच्याकडे 'परिचय' म्हटलं की लग्नाळू मुलामुलींचा मेळावा. आणि माझं नाव प्रणाली. काकांनी फळ्याचा फोटो मोठेबाबांना पाठवला आणि मोठेबाबांनी तो पुढे राजनांदगावच्या कोणाला तरी. चुकून की मुद्दाम, ते आजही सांगत नाहीत.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. मेट्रोच्या डब्यासारख्या, दोन्ही भिंतींना पाठ लावून, समोरासमोर, मधली जागा मोकळी. त्यांच्या पुढे जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली. फलाटाची पिवळी रेघ! मंडळाच्या बायका आल्या आणि त्यांनी चटचट खुर्च्यांवर रुमाल टाकले.

"काकू, मेट्रोत रुमाल चालत नाही!"

"मंग बसायचं कसं?"

तेवढ्यात राजनांदगावचं एक अनोळखी कुटुंब आत आलं. साहेब, बाई, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा. बाईंच्या हातात पेढ्यांचा डबा. बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"मेट्रो प्रणाली तूच का, बाई?"

"हो, म्हणजे विषय माझाच आहे."

"आम्ही समजलो, मेट्रो सिटीत राहिलेली पोरगी असन. बरं, असू दे. बोल, बोल."

मला वाटलं, किती उत्साही श्रोते! आणि मी जी सुटले म्हणता! मोठ्या शहराला अशी गाडी का लागते, ती रस्त्यावरून का जात नाही, कधी खांबांवरून आणि कधी जमिनीखालून का जाते, डब्यात बसायला कमी आणि उभं राहायला जास्त जागा का असते, दरवाजे इतके रुंद का असतात. खुर्च्यांमधून चालत मी हातानं दरवाजे उघडून दाखवले, तोंडानं टूंऽऽ टूंऽऽ आवाज काढला. सांगितलं, "एकदा हा आवाज झाला की दरवाजा बंद. तुम्ही कोण आहात, किती मोठे आहात, कोणाला बसवून द्यायला आलात, हे दरवाजा विचारत नाही." बायका हसल्या. मोठेबाबा हसले नाहीत.

मग पिवळी रेघ समजावली. गाडी येताना सगळ्यांनी रेघेच्या मागे. लहान असो, थोर असो.

"प्रश्न असतील तर विचारा," मी म्हटलं.

पहिला हात राजनांदगावच्या बाईंचा. "शिफ्ट राहते का?"

"हो, सकाळची, दुपारची."

"स्वयंपाक येते का?"

मी गोंधळले. "मेट्रोत खायला-प्यायला परवानगी नसते, काकू."

दुसरा हात त्या मुलाचा. "दरवाज्यात कोणाचं काही अडकलं तर?" सगळ्या हॉलमध्ये एवढा एकच शहाणा प्रश्न! मी खुश होऊन सांगितलं की दरवाजा पुन्हा उघडतो आणि तो पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलत नाही. मुलगा लाजला. त्याच्या आईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, जमलं.

"ते सारं ठीक आहे, बाई," त्या म्हणाल्या, "पण लग्न झाल्यावर गाडी सोडशीन ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेढे. इस्त्रीचा शर्ट. परिचय! मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"सोडीन ना, काकू," मी म्हटलं. "रोज सोडीन. वेळेवर सोडीन. तेच तर काम आहे माझं!"

हॉल असा हसला की अल्पोपहाराच्या टेबलावरची चटणी हिंदकळली. मुलगाही हसला. वानखडे काकूंनी तर पदर तोंडात कोंबला. राजनांदगावच्या साहेबांना विनोद जरा उशिरा कळला, पण कळल्यावर सर्वांत जास्त तेच हसले.

मोठेबाबा उठले. हसू विरलं. ते चालत पुढे आले, माझ्या अगदी समोर, आणि उभे राहिले.

"झालं तुझं?"

"झालं."

"लय चांगलं समजावलं. आता मले एकच सांग. उद्या नागपूरच्या गाडीत तुले बसवून कोण देईन?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच फरशीकडे नाही, माझ्याकडे. आईच्या हातातली प्लेट हातातच राहिली.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मले बसवून नाही द्यायचं, मोठेबाबा. कोणी रुमाल नाही टाकायचा, कोणी बाई नाही शोधायची, आणि तिकडे कोणी उतरवून नाही घ्यायचं. मी उद्या एकटी जाऊन राहिली. ट्रेनिंग झाल्यावर माझी पहिली गाडी निघन तेव्हा तुम्ही सारे या. तिकीट काढून या. पण डब्यात चढायचं नाही. पिवळ्या रेघेच्या मागं उभं राहायचं."

"कावून?" मोठेबाबा म्हणाले.

"कावून म्हणून विचारायचं नाही."



मोठेबाबांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही चपला रेघेच्या पुढे होत्या. ते एक पाऊल मागे सरकले.

त्यांच्या पाठोपाठ वानखडे काकाही सरकले. ते तर पहिल्यापासून रेघेच्या मागेच उभे होते.